चौथं घड्याळ गप्प का?

लंडनमधल्या ग्रिनिचच्या जुन्या वेधशाळेत जॉन हॅरिसनची चार समुद्री घड्याळं ठेवलेली आहेत. पहिली तीन म्हणजे पितळेची धुडंच. त्यातलं पहिलं सुमारे ३४ किलोंचं. ही तिन्ही आजही चालू आहेत. चौथं जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. इतिहास घडवला तो याने. पण ते थांबलेलं आहे. बिघडलंय म्हणून नव्हे. चावी दिली तर ते चालेल. संग्रहालयाने ते मुद्दाम बंद ठेवलं आहे आणि त्याचं कारण आहे तेल. पहिल्या तिघांना तेल लागत नाही, चौथ्याला लागतं.

घड्याळात तेल लागतं कुठे, ते आधी पाहू. प्रत्येक चाकाच्या आसाला दोन्हीकडे बारीक टोकं असतात. कारागीर त्यांना पिव्हट म्हणतात. ही पोलादी टोकं पितळी पट्टीतल्या भोकांत फिरतात. तिथे एक थेंब, तोही टाचणीच्या टोकावर मावेल एवढा, वर्षानुवर्षं टिकायला हवा. अडचण इथेच आहे. यंत्रात सतत तेल ओतता येतं, घड्याळात नाही. घड्याळ बंद डब्यात असतं आणि त्याची ताकद इतकी तुटपुंजी, की तेल जरा घट्ट झालं तरी वेळ चुकते.

अठराव्या शतकातल्या घड्याळजींकडे होती ती ऑलिव्हसारखी वनस्पतींची किंवा प्राण्यांच्या चरबीची तेलं. त्यांचं काय होतं हे कळायला आपल्या देव्हाऱ्यातली समई पुरेशी आहे. महिनाभर घासली नाही तर तळाशी चिकट, पिवळट थर बसतो. हवेतल्या प्राणवायूने तेल घट्ट होतं, आंबट होतं, आणि त्यातलं आम्ल पितळेला लागून हिरवट राप चढतो. त्यात धूळ मिसळली की वंगणाची कानसच होते. मऊ पितळात रुतलेली धूळ पोलादी पिव्हट घासून काढते. दुसरं दुखणं थंडीचं. डिसेंबरात पुण्यात खोबरेलाची बाटली गोठते, तसंच कमीअधिक प्रमाणात इतर तेलांचंही. आणि तिसरं, तेल पसरतं. हवं तिथून ओघळून नको तिथे जातं. यावर हेन्री सली आणि ज्युलियन लरॉय यांच्या नावावर असलेला एक साधा उपाय निघाला: भोकाभोवती छोटी वाटी कोरायची, म्हणजे थेंब तिथेच धरून राहतो. आजही घड्याळाची पट्टी पाहिली तर ही वाटी दिसते.

हॅरिसन मुळात सुतार. त्याने प्रश्नच उलटा केला: तेल वाईट असेल, तर तेल लागणारच नाही असं घड्याळ का करू नये? १७२२च्या सुमारास त्याने लिंकनशरमधल्या ब्रॉकल्सबी पार्क इथे तबेल्यावरचं घड्याळ केलं. त्यात त्याने लिग्नम व्हायटी हे कॅरिबियन बेटांकडचं लाकूड वापरलं. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि अंगचंच तेलकट. ते घड्याळ अजून चालतं. पुढे समुद्रावर रेखांश काढण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ साली जाहीर केलेल्या २०,००० पौंडांच्या बक्षिसामागे तो लागला, तेव्हाही हाच हट्ट होता. पहिली तीन घड्याळं तेलाविना. तिसऱ्यावर त्याने १९ वर्षं घालवली. त्यात आजच्या बेअरिंगचा पूर्वज आहे.

आणि मग १७५९ साली चौथं झालं. सेकंदाला पाच टिकटिक करणारं, माणकांत फिरणाऱ्या पिव्हटांचं, हिऱ्याच्या पॅलेटचं. एवढं करूनही त्याला तेल लागत होतं. आयुष्यभराचा हट्ट हॅरिसनने इथे सोडला. १७६१ साली त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. ठरलेला रोजचा फरक वजा केल्यावर ८१ दिवसांत चूक निघाली ५.१ सेकंदांची. बक्षिसाचा वाद लांबला तरी दिशा ठरली होती. पुढचे जहाजी क्रोनोमीटर लहान, वेगवान आणि तेलावरचे झाले. दर काही वर्षांनी ते उघडायचे, धुवायचे, पुन्हा तेल द्यायचं.

मग उत्तम तेलाचा शोध समुद्रातच जाऊन पोचला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरात विल्यम नायसारखे व्यापारी डॉल्फिन, पॉर्पस आणि पायलट व्हेल यांच्या जबड्यातल्या चरबीचं तेल गाळू लागले. तेल थंडीत गारठवायचं, गोठलेला भाग गाळून टाकायचा, उरलेलं बाटलीत भरायचं. हे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राही आणि जागा सोडत नसे. विशेष असं, की जबड्यातली ही चरबी त्या प्राण्यांचा कान असते. पाण्यातला आवाज तिच्यातून आत पोचतो. खनिज तेल आलं तेव्हा ते आंबत नाही म्हणून आनंद झाला, पण ते पितळावर पसरून पिव्हट कोरडा ठेवी. म्हणून जबड्याचं तेल विसाव्या शतकातही टिकलं. अमेरिकेने १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचं संरक्षण दिलं, तोवर कृत्रिम तेलंही आली होती.

आज मोबियससारख्या स्विस नावांच्या बाटल्या मिळतात, आणि निवड सोपी वाटते. पण एकच तेल सगळीकडे चालत नाही. स्प्रिंगच्या डब्याजवळची चाकं हळू फिरतात आणि त्यांच्यावर दाब फार, तिथे जाड तेल. लंबकाकडची चाकं हलकी, तिथे पातळ. चाकांच्या दात्यांना तेल द्यायचंच नाही, धूळ धरते. वाटी अर्धीच भरायची. आणि मुख्य म्हणजे जुन्या तेलावर नवं तेल कधीही नाही: बंद पडलेलं घड्याळ दोन थेंबांनी चालू होतं खरं, पण आतली कानस तशीच राहते आणि आता तीही चालू होते.

आजोबांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ भिंतीवर असेल, तर प्रश्न तोच आहे जो ग्रिनिचला पडला. चालवायचं असेल तर दर काही वर्षांनी ते पूर्ण उघडून धुवावं लागेल. तेवढं होणार नसेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवावी आणि लंबक काढून ठेवावा. थांबलेलं घड्याळ झिजत नाही.