कातडीखालची हवा

या वेळचा विषय जरा विचित्र आहे.

मागच्या पावसाळ्यात माझा पुतण्या मोटारसायकलवरून घसरला. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या, एवढंच सुरुवातीला कळलं. संध्याकाळपर्यंत त्याची मान, गाल, पापण्या अशा काही फुगल्या की वहिनींनी पोराला ओळखलं नाही. मला म्हणाल्या, "भाऊजी, हात लावून बघा, कसला आवाज येतोय!" मी गळ्याजवळ बोट दाबलं. कुरमुरे दाबल्यावर व्हावं तसं आत काहीतरी चुरचुरलं. आमच्यापैकी कुणीच असलं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, बरगडीचं टोक फुप्फुसात घुसलंय, तिथून निसटलेली हवा कातडीखाली शिरलीय. याला सबक्युटेनियस एम्फिसेमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'फुगणं' असा. बाहेर बाकावर बसून रात्र काढताना मला राहून राहून वाटायचं, एक्स-रे नव्हता तेव्हा लोक काय करत असतील? घरी आल्यावर शोधत बसलो, आणि सापडला हॉलंडचा एक सरदार.

सन १७२३. लायडन विद्यापीठातले हर्मन बूरहावे हे तेव्हाचे युरोपातले सर्वांत नावाजलेले वैद्यकशिक्षक. (त्यांच्या नावाने चीनहून आलेलं पत्र, नुसतं 'युरोप' एवढाच पत्ता असूनही बरोबर पोचलं, अशी दंतकथा सांगतात. आमच्या गल्लीत पूर्ण पत्ता लिहिलेलं पत्रही चुकतं, असो.) ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना आरमारप्रमुख बॅरन यान फान वासेनार यांच्याकडे तातडीचं बोलावणं आलं. बॅरनना भरपेट जेवायचं आणि मग औषधी काढा पिऊन उलटी करून मोकळं व्हायचं, अशी जुनी खोड होती. त्या दिवशी उलटी काढताना छातीत अशी भयंकर कळ आली की आत काहीतरी फाटलं, असं ते स्वतःच सांगू लागले. आडवं होता येईना. पुढे वाकून बसले तरच थोडं बरं वाटे.

बूरहावेंनी आपल्या मित्रासाठी रक्त काढण्यापासून त्या काळातले सगळे उपाय करून पाहिले. निदान मात्र होईना. स्टेथोस्कोप १८१६ चा, एक्स-रे १८९५ चा. त्यांच्याजवळ होते ते फक्त डोळे, नाक आणि बोटं. दुसऱ्या दिवशी बॅरन गेले. मृत्यूनंतर त्यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा कातडीखाली हवा भरलेली, छातीच्या पोकळीतही हवा, आणि नाकाला वास आला तो जेवणात खाल्लेल्या बदकाचा! अन्ननलिका आरपार फाटली होती. १७२४ मध्ये बूरहावेंनी या एका रुग्णावर पुस्तिकाच लिहिली. आपल्याला काय ओळखता आलं नाही, हे एवढ्या मोठ्या माणसाने तपशिलात छापून ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत फळ्यावरची स्वतःची चूक मी किती वेळा कबूल केली, ते माझे विद्यार्थीच सांगतील.

अन्ननलिका अशी फाटली की माणूस संपला, हे समीकरण सव्वादोनशे वर्षं जवळपास कायम राहिलं. १९४७ साली लंडनमध्ये नॉर्मन बॅरेट या सर्जनने ती फाट शिवून रुग्ण वाचवला. जोराची उलटी, छातीत कळ आणि गळ्याशी ती चुरचुर ही तीन लक्षणं एकत्र दिसली की आज डॉक्टर सावध होतात.

आमच्या पुतण्याचं कारण निराळं, फुप्फुसाचं. त्याचीही वाट जुनीच आहे. छातीत कोंडलेली हवा भोक पाडून बाहेर काढावी, असं इंग्रज शल्यवैद्य विल्यम ह्यूसन यांनी १७६७ मध्येच सुचवलं होतं. पण नुसतं भोक पाडलं तर बाहेरची हवा आत जायची. त्यावरची युक्ती जर्मनीतल्या गोटहार्ड ब्यूलाव यांनी छातीत साठणाऱ्या पुवासाठी वापरली होती, १८७५ साली: छातीतल्या नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवायचं, म्हणजे आतलं बाहेर येतं, पण बाहेरची हवा आत जात नाही. पुतण्याच्या खाटेखाली हीच बाटली होती. तो खोकला की पाण्यात बुडबुडे यायचे, आणि वहिनी ते मोजत बसायच्या.

कातडीखालच्या हवेला वेगळं औषध नसतं. गळती थांबली की शरीर ती हळूहळू शोषून घेतं. ऑक्सिजन दिला तर हे काम लवकर होतं. सूज फारच वाढून श्वास अडू लागला तर गळ्याच्या हाडाखाली छोट्या चिरा देऊन वाट करून देतात. आमच्याकडे ती वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे उघडले. त्याने आधी आरसा मागितला. आम्ही दिला नाही. मग त्याने चहा मागितला, तो मात्र डॉक्टरांना विचारून लगेच दिला.