फडाचें पाणी आणि पसंतीचा अधिकार

मुंबई–आग्रा रस्त्यावरील सोनगीर हें गांव किल्ल्यासाठीं व तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं खानदेशांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु या टापूच्या इतिहासांत किल्ल्याहून अधिक विचारार्ह वस्तु सोनगीरच्या दक्षिणेस, पांझरेच्या खोऱ्यांत सांपडते. ती म्हणजे फडपद्धति.

नदीवर बंधारा घालून पाट काढावयाचा व भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडावयाचे. एका फडांत एका हंगामास एकच पीक. ऊंस कोणत्या फडांत, भात वा गहूं कोणत्या फडांत, हें दरसाल शेतकऱ्यांनीं मिळून ठरवावयाचें. पाणी भरण्याचें काम पाटकऱ्याचें. शेतमालकानें पाटास हात लावावयाचा नाहीं.

उसाचा पैसा, घरचें धान्य आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी, हे तिन्ही हेतु एकाच वेळीं पुरे साधत नाहींत. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो (१८४८–१९२३) याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला विचार असा कीं, ज्यांत एकाचें कमी केल्यावांचून दुसऱ्याचें वाढवितां येत नाहीं अशा वांटण्या अनेक असतात. त्यांतून एक निवडणें हें निव्वळ हिशेबाचें काम नव्हे. आज ‘क्लाउड’ नांवाच्या सामाईक संगणकव्यवस्थेंत खर्च, वेग व वीज यांचा मेळ घालणाऱ्यांपुढेंहि हाच पेंच आहे. निर्णय घेणाराची पसंति हिशेबाच्या आधीं विचारावी, सर्व पर्याय मांडून मग विचारावी, कीं पायरीपायरीनें विचारावी, यावर तेथें पुष्कळ विचार झाला आहे.

फडानें ती हंगामाच्या आधीं, नदीचें पाणी पाहून व सर्वांसमक्ष विचारली. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळें एखादा फड कोरडा ठेवण्यास संमति देणाराचेंहि थोडें शेत त्यांत कोरडें राही. निवडणारा आणि तोटा सोसणारा यांत अंतर पडूं दिलें नाहीं, हेंच या पद्धतीचें खरें शहाणपण. अर्थात् ज्याची जमीन फडांत नव्हती, त्याच्या पसंतीस तेथें जागा नव्हती. हें उणें झांकण्याचें कारण नाहीं.

पुढें नदीवर वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरी वाढल्या, आणि जो तो आपल्या मनाचें पीक घेऊं लागला. पसंति एकेकट्याची झाली; पाणी मात्र भूमीच्या पोटांतहि सामाईकच राहिलें. म्हणून वांटणीची कोणतीहि नवी योजना पुढें आली असतां, ती किती पाणी वांचविते याबरोबरच, ती कोणाच्या पसंतीनें ठरली व तिचा तोटा कोणाच्या शेतांत पडला, हेंहि विचारलें पाहिजे.