‘पिंगा’चा वाद आणि तारापूरचा किल्ला

ऐतिहासिक प्रेमपटावरून प्रेक्षक भांडतात ते बहुधा नायिकेविषयी. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) पाहणाऱ्यांत स्कार्लेट धीराची की निव्वळ स्वार्थी, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगला. तिच्या घरची गुलाम मॅमी पुष्कळांना केवळ मायाळू वाटली. ती भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला अटलांटातील पहिल्या खेळाला जाता आले नाही, आणि १९४० साली ऑस्कर स्वीकारताना तिला वेगळ्या टेबलाशी बसावे लागले. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाचा निषेध तेव्हाच केला होता. इतरांच्या कानी तो पडायला फार वर्षे लागली.

‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आला तेव्हा आपल्याकडे वादळ उठले ते ‘पिंगा’वरून. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतीलच कशा? आक्षेप रास्त होता. परंतु सरावलीपासून फार दूर नसलेल्या तारापूरच्या किल्ल्यापाशी आम्हांला निराळेच काही खटकते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई सर झाली. प्रेमपटातले आप्पा मात्र मस्तानीच्या आड येणारा भाऊ म्हणूनच लक्षात राहतात. तो विरोध खोटा नव्हे, आणि मॅमीच्या वाट्याला आलेल्या अन्यायाशी याची बरोबरीही नाही. तरी ‘पिंगा’वर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कोणी तारापूरचे नाव काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.