कर्ज एकट्याचे नसते : चरीच्या संपाचा धडा

कर्ज म्हटले की आपला माणूस मान खाली घालतो. वसुलीवाला दारात उभा राहिला की शेजारी दार लोटून घेतात. "ज्याचे त्याने फेडावे" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की तो निसर्गनियमच वाटतो. पण ज्या रायगडच्या किनाऱ्यावर आपण राहतो, त्याचा इतिहास नेमके उलटे सांगतो.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात खोत हा नावाला सरकारचा सारा गोळा करणारा. गावात मात्र तोच मालक आणि बहुतेक वेळा तोच सावकार. कुळाने वर्षभर राबायचे आणि सुगीला खंडाचे भात खोताला मोजून द्यायचे. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की पोटासाठी धान्य उचलायचे आणि पीक आले की ते वाढीदिढीने परत करायचे. फेडून जे उरे त्यात पुढचा पावसाळा निघत नसे, म्हणून पुन्हा उचल. हा माणसाच्या उधळेपणाचा हिशेब नव्हता. ती व्यवस्थाच अशी रचलेली होती की कर्ज फिटू नये. मुरुड तर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होते. मुंबईच्या विधिमंडळात झालेला कायदा इथल्या गरिबाला आपोआप लागू होत नव्हता.

मुरुडहून रेवदंड्यामार्गे अलिबाग तालुक्यात गेले की चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावे त्यात उतरली. संपकऱ्यांत मोठा भाग आगरी समाजाचा होता. निर्णय साधा आणि भयंकर होता : खोताची जमीन कसायचीच नाही. शेते ओसाड पडली. लोकांनी लाकूडफाटा विकून, मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. संप जवळपास सहा वर्षे चालला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सहा वर्षांची शपथ कुणी एकदम घेऊ शकत नाही. दर जूनला पाऊस पडला की प्रश्न नव्याने उभा राहत असणार : यंदा नांगर धरायचा की नाही? उपाशी घरातला एक माणूस खोताकडे गेला असता तर दुसरा गेला असता. कर्जाचा हिशेब वर्षाचा होता, म्हणून प्रतिकारही वर्षावर्षाने, एकत्र, पुन्हा ठरवावा लागला.

बाबासाहेब या लढ्यापासून दूर राहिले नाहीत. १९३४ च्या डिसेंबरमध्ये ते चरीला शेतकऱ्यांच्या परिषदेला गेले. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ मध्ये कूळ कायदा आला आणि १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. बाबासाहेब फक्त एका जातीचे नेते होते असे सांगणाऱ्यांना चरी दाखवा.

कर्जाच्या कायद्यांची गोष्टही अशीच आहे. १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा कुठे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. १९३९ मध्ये मुंबई सरकारने शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. पण त्या कायद्याच्या लेखी कर्जदार म्हणजे जमीनवाला शेतकरी. ज्याला जमीनच नाही, त्या आपल्या माणसाचे काय? शेतमजुराचे कर्ज रद्द व्हायला महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा यावा लागला. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण १९७७ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

आज खोत गेला आणि फायनान्स कंपनी आली. तीही "गट" करते, दहा बायकांना एकमेकींची हमी घ्यायला लावते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात उभ्या. ही एकजूट नव्हे, शेजारणीलाच वसुलीवाली करणे आहे. एकत्र येणे त्यांच्याही कामाचे आहे आणि आपल्याही. प्रश्न एवढाच की वही कुणाच्या हातात आहे.

म्हणून प्रस्ताव मांडतो. या १४ एप्रिलपासून पुढच्या १४ एप्रिलपर्यंत प्रत्येक वस्तीत दहा-बारा घरांनी कर्जमुक्तीचे वर्ष पाळावे. प्रत्येकाने आपले कर्ज, व्याजाचा दर आणि हप्ता एका वहीत मांडावा. भिशी आपल्याला माहीत आहेच. तिचा पैसा आधी सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर घालावा. विनापरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे सर्वांनी मिळून तक्रार करावी. आणि जयंतीसाठी एकाही घराने कर्ज काढू नये.

कुणी म्हणेल, ही तर काटकसर झाली, चळवळ कुठे आहे? उपाशी माणसाला चरीत सहा वर्षे कुणी उभे ठेवले, ते आठवा. ज्याच्या मानेवर हप्ता आहे तो मोर्चाला येत नाही, मालकापुढे बोलत नाही, निवडणुकीत पाचशेच्या नोटेला नाही म्हणू शकत नाही. कर्जातून सुटलेले घर म्हणजे चळवळीला मिळालेला एक मोकळा माणूस. वही आजच काढा.

जयभीम!