राळेगावचे ताट आणि सरकारी पैसा

राळेगाव तालुका यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठाला आहे. कापूस हे इथले मुख्य पीक. वस्तीत गोंड आणि कोलाम लक्षणीय. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. विधानसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, आणि तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

१८५३ मध्ये, हा भाग ज्यात येतो ते वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव वधारला आणि वऱ्हाडातले शेत बाजारासाठी पिकू लागले. तरी ज्वारी, कापसातल्या तुरीच्या ओळी आणि धुऱ्यावरची आंबाडी यांनी घरचे ताट सांभाळले. पावसाळ्यात तरोटा, काटवल अशा रानभाज्या फुकट मिळत. पुढे ज्वारीचे क्षेत्र आटले, तणनाशकाने शेतातला तरोटाही गेला, आणि भाजी ही आठवडी बाजारातून विकत आणण्याची वस्तू झाली. हातात पैसा मात्र कापूस विकल्यावरच येतो.

सरकारी मदत आली ती मुख्यतः कोरड्या अन्नाच्या रूपात. १९७२च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामांवरच्या मजुरांना सुकडी वाटली गेली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. राज्यातले तिचे पहिले प्रकल्प धारावी आणि धारणीचे. १९९५ पासून शाळकरी मुलांना घरी नेण्यासाठी तांदूळ मिळू लागला, आणि शिजवलेले जेवण द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ मध्ये आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. २०१५ मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या, एरवी स्वस्त धान्याला अपात्र असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही ते लागू केले. यवतमाळ त्यात होता. या साऱ्यात भर पोट भरण्यावर होता, पालेभाजीवर नव्हता. धान्य गोदामात टिकते, मेथी टिकत नाही. सरकारी यंत्रणेने साहजिकच टिकणारे निवडले.

वेगळी वाट निघाली ती २०१५ मध्येच, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने. आदिवासी क्षेत्र असलेल्या १६ जिल्ह्यांसाठी ही योजना आहे, आणि यवतमाळ त्यांपैकी एक. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक चौरस जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, हिरवी भाजी, सोबत अंडे किंवा केळी. पुढच्या वर्षी लहान मुलांसाठीही आठवड्यातून चार वेळा अंडी किंवा केळी देण्याचे ठरले. योजनेचा खरा कस खरेदीच्या पद्धतीत आहे. तयार आहाराचे पाकीट मुंबईहून किंवा ठेकेदाराकडून येत नाही. रक्कम गावच्या आहार समितीच्या खात्यात जमा होते, आणि भाजी, अंडी जवळच्या बाजारातून आणली जातात. म्हणजे सरकारी पैसा भाजी पिकवणाऱ्याच्या आणि गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या हाती जाऊ शकतो. अडचणही याच पद्धतीत आहे. निधी उशिरा आला तर अंगणवाडी सेविकेला दुकानदाराकडे उधारी करावी लागते, आणि ताटामागे ठरलेला दर बाजारभावाच्या मागे पडला की आधी कमी होते ती भाजीच. पोडापासून अंगणवाडी लांब असेल तर दिवस भरलेल्या बाईला रोज चालत येणेही जड जाते.

यानंतरचे निर्णय एका दिशेचे नाहीत. २०२३ मध्ये त्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांचे धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. या पैशातून हवी ती भाजी घेता येते, पण भाव चढले तरी रक्कम आपोआप वाढत नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा खर्च थांबवला आणि अंड्यांसाठी लोकवर्गणीचा मार्ग शाळांना सुचवला.