फुजेर आणि गोडा मसाला

कात्रजला मिरची कांडपाचा आमचा धंदा वडिलांपासूनचा. उन्हाळ्याची चाहूल लागली की भोर, खेड-शिवापूरकडून बायका पिशव्या घेऊन येतात. गोडा मसाला कांडायचा तर धणे, खोबरं, तीळ, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल असं सगळं घरूनच भाजून आणतात. मी रसायनशास्त्र शिकलो आणि पुन्हा याच धंद्यात आलो. त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. लव्हेंडर आणि मसाल्याचा जो पुरुषी वास आफ्टर शेव्हच्या बाटलीतून आपल्या घरांत आला, तो इथे रुजला याचं कारण आपल्या नाकाला तो आधीपासून ओळखीचा होता.

पुरुषानं सुगंध लावणं आपल्याकडे कधीच नवं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत नेलं. त्या वाड्यातला दरबार उठे तो अत्तर-गुलाब आणि पानसुपारीनं. कानात अत्तराचा फाया ठेवणं हा प्रतिष्ठित पुरुषाच्या पोशाखाचाच भाग होता. थंडीत हिना लावत. हे अत्तर एकट्या मेंदीचं नसतं. कनौजचे अत्तरवाले त्यात लवंग, वेलची, जटामांसी, नागरमोथा आणि दगडफूलही घालतात. म्हणजे मसाल्याच्या डब्यातला जिन्नस अंगाला लावायची रीत आपल्याकडे जुनीच.

युरोपात लव्हेंडर फार काळ आंघोळीच्या पाण्यात आणि कपड्यांच्या कपाटात होतं. त्याला वेगळं वळण मिळालं ते प्रयोगशाळेतून. १८६८ साली विल्यम पर्किन यांनी कुमारिन कृत्रिम रीतीनं तयार केलं. वाळत घातलेल्या गवताला येतो तो गोडसर वास या कुमारिनचा. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ कंपनीसाठी पॉल पार्के यांनी ‘फुजेर रोयाल’ बनवलं. लव्हेंडर, कुमारिन आणि ओकच्या झाडावर वाढणारं ओकमॉस हा त्याचा पाया. पुढे या घडणीच्या सगळ्या सुगंधांना फुजेर म्हणू लागले. १९३४ मध्ये कारों कंपनीनं लव्हेंडर आणि व्हॅनिलाची जोडी खास पुरुषांसाठी बाजारात आणली. १९३८ मध्ये अमेरिकेत पुरुषांचं ‘ओल्ड स्पाइस’ आलं, त्यात मसाल्याचा जोर. १९६४ चं ‘ब्रूट’ आणि १९७८ चं ‘आझारो पूर ओम’ यांत लव्हेंडर आणि मसाला एकत्र नांदू लागले.

आपल्याकडे हे वास वस्तऱ्यामागून आले. दाढी झाली की तुरटीचा खडा फिरवायचा, एवढाच पूर्वीचा रिवाज. मग सलूनच्या आरशापुढे आफ्टर शेव्हची बाटली दिसू लागली. माझ्या वडिलांकडे आखातातल्या नातेवाइकानं आणलेली ब्रूटची हिरवी बाटली होती. लग्नकार्याला निघताना दोन थेंब तळहातावर घेऊन ते गालाला लावत. दिवसभर मिरचीच्या खाटात उभा राहणारा माणूस त्या दोन थेंबांनी ताठ होई. हा रुबाब पैशांचा नव्हता. आज आपण स्वतःसाठी काही केलं, याचा तो आनंद होता.

आता बाटली आणि मसाला शेजारी ठेवून पाहू. लव्हेंडरच्या वासाचा मोठा भाग लिनालूल नावाच्या द्रव्याचा. धण्याच्या तेलातही निम्म्याहून अधिक लिनालूलच असतं. दोघांत फरक आहे तो डाव्या आणि उजव्या हातात असतो तसा, रेणूची घडण आरशातल्यासारखी उलटी. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक जी जाड साल मिळते ती कॅसिया, आणि तिच्यात कुमारिन असतं. लवंगेतलं युजेनॉल मसालेदार अत्तरांचा कणा आहे. सर्वांत मोठी गंमत दगडफुलाची. ते फूल नव्हे, बुरशी आणि शेवाळ यांच्या सहजीवनातून झालेलं लायकेन आहे. ओकमॉसही लायकेनच, आणि दोन्ही एकाच कुळातली. फुजेरच्या तळाशी जो ओलसर, मातकट, सावलीतल्या रानाचा वास असतो, त्याचा सख्खा भाऊ आपल्या आमटीत आहे. म्हणून या सुगंधाची पहिली ओळख पुण्याच्या माणसाला बावचळून टाकत नाही. आईच्या हाताचा, सणाच्या स्वयंपाकाचा, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याचा, असे तिन्ही वास त्यात त्याला एकदम भेटतात.

या विद्येत मराठी माणूस मागे नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून मुंबईत सुगंधी द्रव्यं बनवते. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनचा अभ्यास अनेक वर्षं झाला आहे. ज्ञान आहे, माल आहे, नाकंही तयार आहेत. त्यातच त्वचेला ॲलर्जी होते म्हणून ओकमॉसच्या वापरावर आता जगभर मर्यादा आल्या आहेत आणि अत्तरकार पर्याय शोधत आहेत. दगडफुलालाही त्याच कसोट्या लावाव्या लागतील. त्या लावून, धणे, लवंग, दालचिनी आणि दगडफूल यांवर उभा राहणारा पुरुषांचा सुगंध महाराष्ट्रातच तयार व्हायला हवा.

तोवर वाचकांना एक विनंती. हल्ली बऱ्याच जणी दगडफूल महाग म्हणून किंवा निवडायला किचकट म्हणून मसाल्यातून गाळतात. तसं करू नका. चांगलं, काळसर-राखाडी, कोरडं दगडफूल घ्या, मंद आचेवर भाजा आणि घरातल्या मुलांना त्याचा वास घ्यायला सांगा. चांगलं अत्तर पारखायला शिकण्याची सुरुवात तिथून होते.