ॲस्पेक्ट रेशो म्हणजे काय? वेबपेज वाचताना उड्या का मारतं आणि ते एका ओळीत कसं थांबवायचं

मोबाईलवर बातमी वाचताय. दोन ओळी होतात न होतात तोच सगळा मजकूर धाडकन खाली सरकतो. ज्या लिंकवर बोट टेकवणार होता तिथे आता भलतीच जाहिरात आलेली असते, आणि बोट तर टेकलेलं असतं. मग दुसरंच पान उघडतं, बॅक करा, पुन्हा ती ओळ शोधा. या प्रकाराला 'लेआउट शिफ्ट' म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की आपला फोन हँग होतोय किंवा टच खराब झालाय. फोनचा यात काही दोष नसतो. पान बनवणाऱ्याने फोटोसाठी जागा धरून ठेवलेली नसते, एवढंच.

ब्राउझर पान कसं मांडतो ते आधी बघू. पानाचा मजकूर असतो काही केबीचा, तो आधी पोचतो. फोटो असतात शेकडो केबीचे, ते मागून येतात. मजकूर आला की ब्राउझर लगेच दाखवायला सुरुवात करतो. पण फोटो किती उंच आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसेल, तर तो फोटोची उंची शून्य धरतो आणि खालचा मजकूर वर चिकटवून टाकतो. फोटो आला की त्याला जागा हवी, म्हणून खालचं सगळं ढकललं जातं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा रुमाल इथे कोणी टाकलेलाच नसतो. ॲस्पेक्ट रेशो म्हणजे तो रुमाल.

नेट फास्ट असेल तर मजकूर आणि फोटो जवळपास बरोबरच येतात, उडी जाणवतही नाही. म्हणूनच पुण्यात ऑफिसच्या वायफायवर बसून साइट बनवणाऱ्याला हा त्रास दिसत नाही. माझं घर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या बाजूला. तिकडे जंगलाच्या पट्ट्यात शिरलं की नेटवर्कची एकच कांडी उरते. मजकूर येतो, आपण वाचायला लागतो, आणि सात-आठ सेकंदांनी फोटो अवतरतो. माझ्या मामाने एकदा एका साइटवर (नाव घेत नाही) अख्खा फॉर्म भरला. 'पाठवा' दाबायला आणि वरचं बॅनर लोड व्हायला एकच गाठ पडली. बटणं खाली सरकली आणि बोट 'रद्द करा'वर पडलं. सातबाऱ्यापासून बँक खात्यापर्यंत सगळं पुन्हा भरायला लागलं. त्यामुळे हा विषय फक्त 'पान छान दिसावं' एवढ्यापुरता नाही.

उडी मोजतात कशी?

गुगलने मे २०२० मध्ये 'वेब व्हायटल्स' नावाची मोजमापं जाहीर केली, त्यातलं एक सीएलएस, म्हणजे क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट. हिशोब सोपा आहे. हललेल्या भागाने स्क्रीनचा किती हिस्सा व्यापला, गुणिले तो स्क्रीनच्या मानाने किती अंतर सरकला.

समजा स्क्रीन ३६० बाय ६४० पिक्सेलची आहे. वर १०० पिक्सेलचं शीर्षक, खाली मजकुराचा एक सलग ब्लॉक. मध्येच ४:३ चा फोटो आला. ३६० रुंदीला त्याची उंची २७० होते. म्हणजे मजकूर २७० पिक्सेल खाली गेला. हललेला भाग ६४० पैकी ५४०, म्हणजे ०.८४. अंतर ६४० पैकी २७०, म्हणजे ०.४२. गुणाकार साधारण ०.३६. गुगलच्या हिशोबात ०.१ पर्यंत चांगलं, ०.२५ च्या वर वाईट. एका फोटोने पान थेट नापास! एक सवलत मात्र आहे: तुम्ही स्वतः 'आणखी वाचा' दाबलं आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत काही हललं, तर ते धरत नाहीत. कारण ती हालचाल तुम्हीच मागितलेली असते.

आता उपाय

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली मी प्रॉपर्टीची नावं आणि आकडे देवनागरीत लिहिलेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे, नाहीतर ब्राउझर ती ओळ सरळ सोडून देईल.

सीएसएसमध्ये ओळ अशी: ॲस्पेक्ट-रेशो: १६ / ९. पहिला आकडा रुंदी, दुसरा उंची. सोबत विड्थ: १००% द्या. झालं. ३६० रुंदीच्या फोनवर ब्राउझर आधीच २०२.५ पिक्सेल उंचीची रिकामी चौकट राखून ठेवतो. फोन आडवा केला, टॅबवर उघडलं, तरी प्रमाण तेच राहतं आणि उंची आपोआप बदलते. फोटो दहा सेकंदांनी आला तरी आपल्या चौकटीत गुपचूप बसतो, खालची ओळ हलत नाही.

ही सोय वाटते तेवढी जुनी नाही. क्रोममध्ये ती जानेवारी २०२१ ला आली (आवृत्ती ८८), फायरफॉक्समध्ये त्याच वर्षी जूनला आणि सफारीत सप्टेंबरला. त्याआधी लोक जुगाड करायचे. सीएसएसमध्ये पॅडिंग टक्क्यांत दिलं तर ते रुंदीच्या हिशोबाने मोजलं जातं, अगदी वरचं-खालचं पॅडिंगसुद्धा. म्हणून रिकाम्या डब्याला ५६.२५% पॅडिंग द्यायचं (९ भागिले १६), आणि व्हिडिओ त्यावर ॲब्सोल्युट करून पसरायचा. तिएरी कोब्लेंट्झ यांनी २००९ मध्ये हा प्रकार लिहून मांडला आणि पुढची दहा-बारा वर्षं जगभर तो चालला. जुन्या थीममध्ये ५६.२५% दिसलं तर घाबरू नका, तो हाच.

मग साध्या फोटोसाठीही ही ओळ लिहायची का? बहुतेक वेळा गरज नाही, आणि हे फार जणांना माहीत नसतं. फोटोच्या टॅगमध्येच विड्थ आणि हाइट लिहा, उदाहरणार्थ १२०० आणि ८००, पुढे 'पीएक्स' न लावता. सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ: १००% आणि हाइट: ऑटो ठेवा. ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून ३:२ हे प्रमाण स्वतःच काढतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे डिसेंबर २०१९ पासून आहे, सफारीत २०२० पासून. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात सगळे हे आकडे लिहायचेच. २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह' डिझाइनची कल्पना मांडली, फोटो लवचीक झाले, आणि 'आता आकडे कशाला' म्हणून लोकांनी ते काढून टाकले. मोबाईलसाठी केलेल्या बदलाचा फटका मोबाईलवाल्यालाच बसला!

ॲस्पेक्ट-रेशो खरं कामाला येतं ते मापं आधी माहीत नसतात तेव्हा, किंवा सगळे फोटो एका साच्यात बसवायचे असतात तेव्हा. इटियाडोहच्या फोटोंचं एक छोटं पान मी बनवलं होतं. धरणाची भिंत लांबलचक, तिचे फोटो आडवे. पावसाळ्यात सांडव्यावरून पडणारं पाणी सगळ्यांनी उभं टिपलेलं, ९:१६. काही चौकोनी, इन्स्टासाठी कापलेले. ग्रिडमध्ये एकसारखे दिसावेत म्हणून सगळ्यांना ४ / ३ दिलं आणि सोबत ऑब्जेक्ट-फिट: कव्हर. कव्हर म्हणजे चौकट पूर्ण भरा, जास्तीचं कापा. कंटेन म्हणजे अख्खा फोटो दाखवा, कडेला जागा उरली तरी चालेल. ऑब्जेक्ट-फिट दिलंच नाही तर फोटो ताणला जातो आणि उभ्या फोटोतली माणसं बुटकी-जाडी दिसतात. उभ्या फोटोत पाणी वरून खाली पडताना दिसायला हवं, कव्हरने ते मध्येच कापलं जात होतं. म्हणून ते तीन फोटो वेगळ्या ओळीत ३ / ४ ने लावले. एकच साचा सगळ्यांना लावायचा हट्ट धरू नये, असं माझं मत.

यूट्यूबचा व्हिडिओ लावताना जो कोड मिळतो त्यात बहुतेकदा ५६० बाय ३१५ असतं. तेही १६:९ च. विड्थ १००%, हाइट ऑटो आणि ॲस्पेक्ट-रेशो १६ / ९ दिलं की काम झालं. शॉर्ट्स असेल तर उलटं, ९ / १६, पण मग मॅक्स-विड्थही द्या. नाहीतर एकच व्हिडिओ अख्खी स्क्रीन खातो.

लिहूनही चालत नाही, असं का होतं?

रुंदी आणि उंची दोन्ही पक्की दिलेली असतील तर ॲस्पेक्ट-रेशोला कोणी विचारत नाही. एक बाजू मोकळी हवी. दुसरं, डब्यात मजकूर असेल आणि तो मावत नसेल, तर डबा प्रमाण मोडून वाढतो. हे मुद्दाम तसं ठेवलंय, मजकूर बाहेर सांडू नये म्हणून. आणि फ्लेक्समध्ये फोटो उगाच लांबट होत असेल तर अलाइन-आयटम्स: स्टार्ट करून बघा, कारण तिथे सगळ्यांना शेजाऱ्याएवढं ताणायचं हीच मूळ सवय असते.

लेझी लोडिंग लावलं असेल तर मापं द्याच. त्यात फोटो तुम्ही स्क्रोल करत जवळ पोचल्यावरच मागवला जातो, म्हणजे ऐन वाचनात उडी. क्रोममध्ये २०१७ पासून 'स्क्रोल अँकरिंग' आहे. स्क्रीनच्या वरच्या बाजूला, नजरेआड काही वाढलं तर ते तुमची ओळ जागेवर धरून ठेवतं. पण फोटो तुमच्या डोळ्यांसमोर उगवला तर त्याचाही इलाज चालत नाही.

मराठी साइट्सना आणखी एक त्रास आहे, फॉन्टचा. 'मुक्ता'सारखा वेबफॉन्ट उतरेपर्यंत फोनचा आपला देवनागरी फॉन्ट दिसतो, मग अदलाबदल होते. दोघांची अक्षरांची रुंदी आणि मात्रांसाठीची वरची जागा वेगळी. त्यामुळे ओळी मोडतात आणि परिच्छेद लांबतो. इथे ॲस्पेक्ट-रेशो कामाचं नाही. लाइन-हाइट आकड्याने ठरवून द्या, आणि साइज-ॲडजस्टने तात्पुरता फॉन्ट मूळ फॉन्टच्या मापाला जवळ आणा.

जाहिरातीचं माप दर वेळी वेगळं येतं, म्हणून तिथे प्रमाणाऐवजी मिन-हाइट द्या. २५० पिक्सेलची जाहिरात अपेक्षित असेल तर तेवढी जागा मोकळी सोडा. जाहिरात आली नाही तर पांढरी पट्टी राहील. राहू द्या, वाचणाऱ्याला ती चालते.

तपासायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोमचं डेव्हटूल्स उघडा, रेंडरिंग टॅबमध्ये 'लेआउट शिफ्ट रीजन्स' चालू करा, नेटवर्क ३जी वर टाका आणि पान रिफ्रेश करा. जे जे हलतं ते निळसर चमकतं. कॉम्प्युटर नसेल तर गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स मोबाईलवरही उघडतं. तिथे पानाचा पत्ता टाकला की सीएलएसचा आकडा मिळतो.